कसोटी आधी, निकाल नंतर

मेहकर तालुक्यातील सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याला ‘नमुना’ म्हणजे काय, हे कोणत्याही प्राध्यापकाने शिकविण्याची गरज नाही. पीक विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे बव्हंशी त्याच्या स्वतःच्या शेतावर ठरत नाही. महसूल मंडळातील मोजक्या शेतांत होणाऱ्या पीक कापणी प्रयोगांवर ते ठरते. त्या मोजक्या शेतांवरून साऱ्या मंडळाचे सरासरी उत्पादन काढले जाते आणि त्या सरासरीवर हजारो कुटुंबांचे वर्ष अवलंबून असते. म्हणूनच तो चार प्रश्न विचारतो. शेत कोणते निवडले? कोणी आणि कसे निवडले? कापणी कधी केली? त्या वेळी हजर कोण होते? या चार प्रश्नांत अनुमानात्मक सांख्यिकीचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे. थोड्यांवरून सर्वांविषयी बोलण्याचा अधिकार केव्हा मिळतो, हाच त्या शास्त्राचा मूळ प्रश्न होय.

दुर्दैवाने, हाच शेतकरी जेव्हा पिकाऐवजी मनाच्या मोजमापाचा विषय होतो, तेव्हा हे प्रश्न कोणी विचारीत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली. बुलडाणा हा त्या सहांपैकी एक. पुढे २०१५ साली राज्य शासनाने चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. एखादा प्रदेश असा चर्चेत आला की तेथे प्रश्नावल्याही येतात. नैराश्य, ताण, आत्मविश्वास यांचे गुण मोजले जातात, गुणांची तुलना होते आणि अखेरीस ‘फरक सांख्यिकीयदृष्ट्या सार्थ आढळला’ असे वाक्य लिहिले जाते. हे वाक्य वाचले की भल्याभल्यांची वाचा बंद होते. कार्यकर्ते एक तर ते वेदवाक्य मानतात, नाही तर ‘आकडे काय, कसेही फिरविता येतात’ म्हणून झटकून टाकतात. या दोन्ही वृत्ती सारख्याच घातक आहेत. पहिलीमुळे चुकीचा निष्कर्ष धोरण बनतो, तर दुसरीमुळे खऱ्या निष्कर्षालाही कोणी वाली उरत नाही.

चाचणी काय सांगते?

सांख्यिकीय चाचणीचा तर्क मुळात साधा आहे. दोन गटांत प्रत्यक्षात काहीच फरक नाही, असे आरंभी गृहीत धरावयाचे. यालाच शून्य परिकल्पना म्हणतात. मग असे विचारावयाचे की, फरक नसतानाही हाती आलेल्या फरकाएवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसला असता? ही शक्यता पुरेशी लहान असेल, तर योगायोगाचे स्पष्टीकरण बाजूला ठेवण्यास आधार मिळतो. चाचणी एवढेच सांगते. दावा खरा असण्याची शक्यता किती, हे ती सांगत नाही. फरक मोठा की क्षुल्लक, हेही सांगत नाही. फरकाचे कारण काय, याविषयी तर ती पूर्णपणे मौन पाळते.

शंभरात पाच ही जी रेषा आज विद्यापीठीय प्रबंधांत जवळजवळ धर्माज्ञेप्रमाणे पाळली जाते, ती इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ सालच्या ग्रंथाने रूढ केली. ती सोयीची रेषा होती, निसर्गाचा नियम नव्हे. फिशर त्या काळी रॉदमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात काम करीत होते. ‘टी-चाचणी’ तर एका मद्य कारखान्यात जन्मली. विल्यम गॉसेट यांनी ती १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. भारतात वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी १९५४ साली शेती संशोधकांसाठी याच पद्धतींचा प्रमाणग्रंथ सिद्ध केला. सांगण्याचा हेतू असा की, ही हत्यारे शेतात आणि कारखान्यात, मातीच्या आणि मालाच्या व्यावहारिक प्रश्नांसाठी घडली आहेत. ती पंडितांची मिरासदारी नव्हे. कष्टकऱ्यांच्या चळवळीने ती परकी मानावीत, असे त्यांत काही नाही.

पुण्यातील एक धडा

चाचणी कशी योजावी आणि कशी वापरावी, याचे महाराष्ट्रातील एक उत्तम उदाहरण २००८ सालचे आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाची आतून माहिती असलेले प्रकाश घाटपांडे यांनी मिळून फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. पत्रिकेवरून मुलाची बुद्धी ओळखता येते काय, हा तिचा प्रश्न होता. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पत्रिका तयार करण्यात आल्या. पत्रिकांना सांकेतिक क्रमांक देऊन मूळ माहिती सुरक्षित ठेवण्यात आली. सहभागी होऊ इच्छिणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका यदृच्छेने निवडून पाठविण्यात आल्या. एक्कावन्न जणांनी त्या मागविल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. निकाल २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीसपैकी सर्वाधिक बरोबर उत्तरे होती चोवीस; सर्वांची सरासरी मात्र निम्म्याच्याही खाली राहिली.

या चाचणीतील गणित कोणत्याही महाविद्यालयीन विद्यार्थ्याला करता येईल. प्रत्येक पत्रिकेला दोनच उत्तरे संभवतात, तेव्हा नाणे उडवूनही चाळीसपैकी सरासरी वीस बरोबर येतील. प्रमाण विचलन तीनाहून किंचित अधिक. निव्वळ अंदाजाने अठ्ठावीस वा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. म्हणजे कोणी अठ्ठावीसचा पल्ला गाठला असता, तर विचार करावा लागला असता. चोवीस वा अधिक बरोबर येण्याची शक्यता मात्र एका माणसाच्या बाबतीत सुमारे १३ टक्के असते. आणि सत्तावीस माणसांनी नाणी उडविली, तर त्यांपैकी निदान एकाने तरी चोवीस गाठण्याची शक्यता तब्बल ९८ टक्के होते! म्हणजे त्या सर्वोत्तम ज्योतिषाने जे केले, ते नाण्यांनीही करून दाखविले असते.

यातच एक मोठा धोका उघड होतो. समजा, रेषा शंभरात पाचाची धरली असती आणि सव्वीस बरोबर उत्तरांना ‘सार्थ’ म्हटले असते. एका माणसापुरती ही कसोटी कडक दिसते. पण सत्तावीस जणांत कोणी तरी एक जण केवळ दैवयोगाने ती ओलांडील, याची शक्यता तीनात दोन एवढी आहे. आणि मग त्या एकाचेच नाव वर्तमानपत्रात झळकले असते, उरलेले सव्वीस विस्मरणात गेले असते. बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पावसापाण्याचे भाकीत सांगितले जाते; त्यातील जुळलेले तेवढे गावोगाव आठवले जाते आणि चुकलेले सारे विसरले जाते, ते याच नियमाने. वीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेऊन ज्या एका प्रश्नावर फरक ‘सार्थ’ दिसला, तेवढाच छापणारा संशोधक आणि जुळलेले भाकीत तेवढे आठवणारा भाविक यांच्यात पद्धतीच्या दृष्टीने काहीही अंतर नाही. वीस निरर्थक तुलनांतून सरासरी एक तरी तुलना शंभरात पाचाची रेषा ओलांडतेच.

हा रोग केवळ येथलाच नाही. २०१५ साली मानसशास्त्रातील शंभर प्रकाशित अभ्यास जगभरच्या संशोधकांनी मिळून पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी सार्थ निष्कर्ष जाहीर केला होता. पुनर्प्रयोगांत तो ३६ टक्क्यांनाच मिळाला. पुण्याच्या चाचणीचे मोल म्हणूनच मोठे आहे. तेथे प्रश्न आधी ठरला, मोजणी कशी करावयाची हे आधी ठरले, आणि निकाल पाहून प्रश्न बदलण्याची पळवाट कोणालाच ठेवलेली नव्हती. त्या चाचणीलाही मर्यादा होती. चोवीस जणांनी उत्तरे पाठविली नाहीत, त्यांच्याविषयी ती काही बोलू शकत नाही. पण ती मर्यादा आकड्यांतच उघड दिसते, आणि प्रामाणिक संशोधनाची खूण हीच असते. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. श्रद्धेला आकड्यांच्या कसोटीस उभे करणाऱ्या चौघांपैकी एकाचा शेवट असा व्हावा, यावरून कसोटी लावणे हे काम किती निरुपद्रवी असते, याचा बोध घ्यावयाचा तो घ्यावा.

मेहकरच्या मातीत

आता हाच धडा मेहकरला लावून पाहावा. समजा, तालुक्यातील दहा गावांतून प्रत्येकी तीस, असे तीनशे शेतकरी घेतले. जून महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, बियाण्याची उधारी आणि पावसाची चिंता डोक्यावर असताना, त्यांचे नैराश्याचे गुण मोजले. मग समुपदेशन केले आणि नोव्हेंबरमध्ये, सोयाबीन घरात आल्यावर, पुन्हा मोजले. गुण उतरले. टी-चाचणी लावली, फरक सार्थ निघाला. समुपदेशन यशस्वी झाले, असा अहवाल मुंबईला गेला. यात काय काय चुकले?

पहिली चूक चाचणीच्या निवडीत होऊ शकते. एकाच माणसाला दोनदा मोजले असेल, तर जोडीची चाचणी लागते. दोन निरनिराळे गट असतील, तर स्वतंत्र गटांची. ‘होय-नाही’ अशा उत्तरांची नुसती मोजदाद असेल, तर काय-वर्ग चाचणी योग्य ठरते. ‘कधीच नाही, कधीकधी, नेहमी’ अशी उत्तरे म्हणजे पायऱ्या आहेत, समान अंतरावरचे दगड नव्हेत. अशी उत्तरे मोजकी असतील आणि एका बाजूला झुकलेली असतील, तर क्रमांकांवर आधारलेली चाचणी अधिक विश्वासार्ह ठरते. संगणकाला यातले काही कळत नाही. त्याला जो आकडा द्यावा, त्यावर तो जी मागावी ती चाचणी निमूटपणे करून देतो.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. तीनशे माणसे म्हणजे तीनशे स्वतंत्र साक्षी नव्हेत. एका गावातील तीस जणांवर एकच पाऊस पडला, एकाच सोसायटीचे कर्ज आहे, एकाच बाजार समितीत त्यांचा माल जातो. त्यांच्या उत्तरांतील परस्परसाम्य अवघे ०.०५ एवढे धरले, तरी तीनशे माणसांची साक्ष सुमारे एकशेबावीस माणसांएवढीच भरते. हे विसरून चाचणी केली, तर जो फरक सार्थ नाही तोही सार्थ दिसू लागतो.

तिसरी चूक सर्वांत मोठी, आणि कोणतीही चाचणी ती भरून काढू शकत नाही. जूनमधील मन आणि नोव्हेंबरमधील मन यांच्यात समुपदेशनाखेरीज एक पीक उभे असते. त्यातही अत्यंत खचलेली माणसेच निवडली असतील, तर दुसऱ्या मोजणीत त्यांचे गुण सरासरीकडे सरकणारच. औषध दिले तरी आणि न दिले तरी. म्हणून ज्यांना समुपदेशन अद्याप मिळालेले नाही, अशा गावांचा तुलनागट हवा, आणि कोणत्या गावांना ते आधी मिळावे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयास हवे. नाही तर सुगीचे श्रेय समुपदेशकाला जाईल. उद्या भाव कोसळला, की तोच समुपदेशक निष्फळ ठरेल. आणि मूळ प्रश्न, म्हणजे भावाचा आणि कर्जाचा, दोन्ही वेळा कागदाबाहेरच राहील.

आत्महत्यांच्या आकड्यांविषयी तर विशेष सावध राहावे लागते. समजा, एखाद्या मंडळात एका वर्षी आठ आणि पुढच्या वर्षी चार घटना नोंदल्या गेल्या. ‘प्रमाण निम्म्यावर आणले’ अशी घोषणा करण्यास कोणाही मंत्र्याला मोह होईल. पण बारा घटना दोन वर्षांत निव्वळ योगायोगाने विभागल्या गेल्या असत्या, तरी आठ-चार किंवा त्याहून विषम वाटणी होण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के आहे. हाच नियम उलट दिशेनेही लागू होतो. चारांचे आठ झाले म्हणून शासनाचे धोरण दुपटीने मारक ठरले, असे विरोधकांनीही म्हणू नये. प्रत्येक मृत्यू हा पूर्ण मृत्यू आहे. त्याच्या दुःखाला चाचणी लागत नाही. चाचणी लागते ती त्या मृत्यूवरून श्रेय किंवा अपश्रेय वाटणाऱ्या दाव्याला.

आणखी एक फसवा सापळा सरकारी नोंदींतच आहे. राज्यात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते, आणि ते नापिकी, कर्जबाजारीपणा व वसुलीचा तगादा या निकषांवर ठरते. आता कोणी संशोधकाने पात्र आणि अपात्र प्रकरणांची यादी घेऊन कर्ज व आत्महत्या यांच्या संबंधाची चाचणी केली, तर निष्कर्ष कमालीचा सार्थ निघेल. पण त्याने शेतकऱ्याचे मन मोजलेले नसेल. त्याने फक्त निकष मोजलेला असेल. त्याचप्रमाणे अपात्र प्रकरणांच्या कागदांवरून ‘व्यसन आणि घरगुती कलह हीच खरी कारणे’ असे सिद्ध करणारा अभ्यासही तितकाच पोकळ होय. खासगी उसनवारीला कागद नसतो, म्हणून ती कर्जाच्या रकान्यात येत नाही आणि कलहाच्या रकान्यात जाऊन बसते.

‘फरक आढळला नाही’ म्हणजे काय?

सत्ताधाऱ्यांच्या हाती एक शस्त्र याहूनही धारदार असते. ‘सार्थ फरक आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ ‘फरक नाही’ असा कधीच होत नाही. वीस विधवांना विचारून, त्यांच्या मनःस्थितीवर कर्जाचा सार्थ परिणाम आढळला नाही असे लिहिले, तर त्यातून एवढेच कळते की वीस ही संख्या अपुरी होती. अंधुक कंदिलाने विहिरीत पाहून तळ दिसला नाही, म्हणून विहिरीला तळच नाही असे म्हणण्यासारखे हे आहे. छोटा नमुना घेऊन मोठे दुःख ‘असार्थ’ ठरविता येते. आणि उलट, दहा हजारांचा नमुना घेतला तर शंभर गुणांच्या मापावरील अर्ध्या गुणाची सुधारणाही ‘अत्यंत सार्थ’ ठरते. त्या अर्ध्या गुणाने कोणाच्या घरात चूल पेटली, हे मात्र कोणी विचारीत नाही. अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेने २०१६ साली अधिकृत निवेदन काढून हेच बजावले की, केवळ रेषा ओलांडली की नाही एवढ्यावर वैज्ञानिक निष्कर्ष वा धोरण ठरवू नये.

चळवळीतील काही मित्र येथे आक्षेप घेतील की, माणसाचे दुःख आकड्यांत मावत नाही. मग ही उठाठेव कशासाठी? दुःख आकड्यांत मावत नाही, हे खरे. परंतु निधी आकड्यांत मावतो, योजना आकड्यांवर चालते आणि बंदही आकड्यांवरच पडते. ज्या मैदानावर निर्णय होतात, ते सोडून देणे हा बाणेदारपणा नव्हे. आणि एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. कार्यकर्त्यांची स्वतःची सर्वेक्षणे पुष्कळदा ओळखीच्या चाळीस घरांची असतात. घरे आपल्या मतांची, प्रश्न उत्तर सुचविणारे आणि निष्कर्ष आधीच ठरलेला! अशा सर्वेक्षणाची चिरफाड करण्यास प्रतिपक्षाला पाच मिनिटे लागत नाहीत, आणि त्यात खोटेपणाबरोबर खरी वेदनाही बदनाम होते.

यास्तव मागणी नेमकी असली पाहिजे. तालुक्यात मनाचे मोजमाप करण्यास येणाऱ्या प्रत्येक संशोधकाने, मग तो शासनाचा असो, विद्यापीठाचा असो की संस्थेचा, आपला प्रश्न, नमुन्याची निवड आणि वापरावयाची चाचणी माहिती गोळा करण्यापूर्वी लेखी जाहीर करावी. ठरविलेल्या सर्व तुलनांचे निकाल, सार्थ आणि असार्थ दोन्ही, प्रसिद्ध करावेत. फरक किती गुणांचा, आणि तो किती कमी वा किती अधिक असू शकतो, हे सांगावे. नावे वगळून मूळ तक्ते खुले करावेत. आणि ज्यांना प्रश्न विचारले, त्यांच्या ग्रामसभेत येऊन निष्कर्ष मराठीत समजावून द्यावा. हे करण्यास फारसा पैसा लागत नाही; फक्त हरण्याची तयारी लागते. हरण्याची अट आधी लिहून न देता जो जिंकतो, त्याचा विजय शास्त्रात मोजला जात नाही.

मेहकरचा शेतकरी पीक कापणीच्या वेळी बांधावर उभा राहून चार प्रश्न विचारतो. कोणते शेत, कोणी निवडले, केव्हा कापले, हजर कोण होते? सोयाबीनच्या एका तुकड्यासाठी जी जागरूकता तो दाखवितो, तीच त्याच्या मनाविषयी निकाल देणाऱ्यांपुढे दाखविण्यास त्याला साहाय्य करणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. पिकाचा अंदाज चुकला तर एका हंगामाची भरपाई बुडते. मनाचा अंदाज चुकला, तर भरपाई मागण्यास तो माणूसच मागे उरत नाही.